उतरती भाजणी

मुतखडा खान्देशाला नवा नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा, दिवसभर घामावाटे जाणारे पाणी आणि तहान मारून राबायची सवय, यामुळे मूत्रपिंड शरीरात कुठे असते हे शाळेत न गेलेला माणूसही कमरेवर हात ठेवून अचूक दाखवतो. त्याच मूत्रपिंडाच्या माथ्यावर तिरप्या टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची ग्रंथी मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. मराठीत तिला अधिवृक्क म्हणतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्याच्यावर बसते ती अधिवृक्क. डावीकडे एक, उजवीकडे एक. सोळाव्या शतकात युस्ताकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, पण ती करते काय हे पुढची तीनशे वर्षे कुणाला सांगता आले नाही. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातील थॉमस अ‍ॅडिसन यांनी काही रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. माणूस दिवसेंदिवस क्षीण होतो, भूक मरते, उलट्या होतात, कातडी काळवंडते आणि शेवटी तो दगावतो. शवविच्छेदनात या ग्रंथी नासलेल्या आढळल्या, त्यांतल्या बऱ्याच क्षयाने. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या आणि प्राणी लवकरच मेले. एवढ्याशा मांसाच्या तुकड्यावाचून जगता येत नाही, हे तेव्हा कळले.

आज ही ग्रंथी क्षयापेक्षा कितीतरी अधिक वेळा एका गोळीमुळे निकामी होते. नासत नाही, झोपी जाते. आणि ती झोपली आहे हे लक्षात येते ते गोळी बंद केल्यावर. या लेखाचा विषय तेवढाच आहे: महिनोन् महिने, वर्षानुवर्षे स्टेरॉईड घेतलेल्या माणसाने ते सोडताना शरीरात काय घडते.

स्टेरॉईड आपल्याकडे दोन वाटांनी घरात येते. एक सरळ वाट. दमा, आमवात, ल्युपस, लहान मुलांच्या मूत्रपिंडाचे काही आजार, कुष्ठरोगातील दाह, अशा व्याधींत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात आणि त्याने जीव वाचतात, अवयव वाचतात. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर दहा दिवस, दिल्यास मृत्यू कमी होतात. २०२१ च्या एप्रिल-मेमधल्या लाटेत ही गोळी गावोगाव पोचली, आणि दहा दिवसांची मर्यादा सगळीकडे पाळली गेली नाही. त्या मे महिन्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी झाला. बुरशीमागे मधुमेह होता, तसा स्टेरॉईडचा अतिरेकही होता. तिथूनच स्टेरॉईड म्हणजे विष, असा धसका लोकांनी घेतला.

दुसरी वाट आडवाट. सांधेदुखीची पुडी, दम्याचे चूर्ण, बाजाराच्या दिवशी मिळणारी बिननावाची बारीक पांढरी गोळी. चूर्ण झाडपाल्याचे म्हणून दिले जाते आणि त्यात स्टेरॉईडची गोळी कुटून घातलेली निघते, हे देशभरच्या डॉक्टरांनी वेळोवेळी नोंदवले आहे. ओळखायची खूण अगदी घरगुती आहे. वर्षाचे दुखणे दोन दिवसांत पळते, भूक खवळते, गाल भरतात, चेहरा गोल होतो. घरचे म्हणतात, तोंडावर तेज आले. हे तेज नव्हे, सूज आणि चरबी आहे. पण वाळत चाललेल्या माणसाचे गाल भरलेले पाहून कुणाला वाईट वाटेल?

आता थोडा हिशेब. निरोगी माणसाच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी मिळून दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतात. त्याचा साठा होत नाही, रोजचे रोज करावे लागते. मध्यरात्री ते सर्वात कमी असते, पहाटे चढू लागते आणि सकाळी आठच्या सुमारास शिगेला पोचते. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी रक्तातली साखर सावरणे, ताप, जखम किंवा शस्त्रक्रिया आली की शरीराला तोंड द्यायला उभे करणे, ही त्याची कामे. औषधातले हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे हेच कॉर्टिसॉल. त्याच्या २० मिलिग्रॅमचे काम ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करते, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन करते आणि डेक्सामेथासोन अवघे पाऊण मिलिग्रॅम. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी तांदळाच्या कणीपेक्षा फार मोठी दिसत नाही. तशा दोन गोळ्या रोज घेणारा माणूस शरीराची दिवसाची सगळी गरज बाहेरून भागवतो, वर थोडे उरते. पुडीत अशा किती कुटल्या आहेत ते पुडीवाल्यालाच माहीत.

बाहेरून माल येत राहिला तर घरचा कारखाना कशाला चालेल? इथे तीन पायऱ्या लक्षात घ्याव्या लागतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस म्हणजे मालक. त्याच्या खाली लोंबणारी पोष ग्रंथी म्हणजे मुकादम. आणि अधिवृक्क म्हणजे प्रत्यक्ष राबणारा सालदार. रक्तात कॉर्टिसॉल कमी पडले की मालक मुकादमाला सांगतो, मुकादम एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडतो आणि सालदार कामाला लागतो. रक्तात गोळीचे स्टेरॉईड भरपूर असेल तर मालक गप्प, मुकादम गप्प. हाकच नाही म्हटल्यावर सालदार बसून राहतो आणि बसून बसून हाडकतो. हे रूपक वाटेल, पण ग्रंथी खरोखरच आकसते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांचा अंमल दीड-दोन दिवस टिकत असल्याने त्यांच्या राज्यात मुकादमाला रात्रीही जाग येत नाही. प्रेडनिसोलोन सकाळी एकदाच घ्यायला सांगतात ते याचसाठी. संध्याकाळची गोळी पहाटेची हाक दाबते.

विशेष म्हणजे हे औषध माणसाच्या तोंडी जाण्याआधीच कळले होते. अमेरिकेत इंगल आणि केंडल यांनी १९३७ मध्ये उंदरांना अधिवृक्काचा अर्क भरपूर दिला आणि त्यांच्या ग्रंथी आकसल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर अकरा वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक केंडल, हेंच आणि राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हटले, आणि तो होताच. १९५२ मध्ये फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची नोंद छापली. आमवातासाठी काही महिने कॉर्टिसोन घेतलेला तरुण, औषध थांबवून शस्त्रक्रियेला नेलेला. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळला तो परत वर आलाच नाही. शवविच्छेदनात अधिवृक्क आकसलेल्या निघाल्या. जगभरच्या भूलतज्ज्ञांनी ‘स्टेरॉईड घेता का?’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली ती अशा नोंदींपासून.

मग झोपलेली ग्रंथी उठायला किती काळ लागतो? याचे सर्वात सुरेख उत्तर १९६५ सालचे आहे. ग्रेबर, लिडल आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ दबलेल्या ग्रंथींचे रुग्ण महिनोन् महिने तपासले. पहिला महिना मुकादम आणि सालदार दोघेही निपचित. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात मुकादम जागा झाला, इतका की एसीटीएच नेहमीपेक्षाही वाढले, पण कॉर्टिसॉल कमीच. मुकादम ओरडतोय आणि सालदाराला उठवत नाही, अशी अवस्था. सहाव्या ते नवव्या महिन्यात रोजच्यापुरते कॉर्टिसॉल येऊ लागले, पण जास्तीचा ताण दिला तर ग्रंथी कमी पडे. नऊ महिने उलटल्यावर गाडी रुळावर. यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. माणूस हिंडतोफिरतो, जेवतो, दुकानात बसतो, त्याला बरे वाटते. ग्रंथी मात्र साध्या दिवसापुरतीच उठलेली असते. वर्षभर गोठ्यात बांधलेला बैल वैरणीपर्यंत चालत जातो म्हणून त्याला लगेच नांगराला जुंपत नाहीत.

माझ्या परिचयातले एक शेतकरी आहेत, साठीच्या पुढचे, तापीकाठचे. गाव सांगत नाही. गुडघ्यांसाठी सहा वर्षे पुडी घेत होते. कुणी तरी सांगितले की यात स्टेरॉईड असते, किडनी जाते. माणूस निश्चयाचा. त्याच दिवशी उरलेल्या पुड्या उकिरड्यावर टाकल्या. घरात सगळ्यांना आनंद. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. ‘आंगमा जीवच नही ऱ्हायना,’ एवढेच म्हणत. जेवणाचा वास नको, सांधे आधीपेक्षा दुप्पट दुखतात, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांनी दोन अर्थ लावले. एक, पुडीच खरे औषध होते. दोन, पुडीची नशा होती आणि ती उतरते आहे. ज्या दिवशी त्यांनी शहाणपणाचा निर्णय घेतला, तोच दिवस त्यांच्या सहा वर्षांतला सर्वात धोक्याचा होता, हे तिसरे कुणाच्या मनात येणे कठीणच. ते वाचले, कारण तालुक्याच्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडावरच्या कागदासारख्या पातळ कातडीकडे आणि निळ्या डागांकडे पाहून विचारले, ‘आबा, पुडी केव्हा बंद केली?’

स्टेरॉईड उतरवताना अंग दुखले, थकवा आला, मन उदास झाले तर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. मूळ आजार उलटला असेल. ग्रंथी खरोखर कमी पडत असेल. किंवा ग्रंथी ठीक असूनही, मोठ्या मात्रेला सरावलेले शरीर कमी मात्रेवर कुरकुरत असेल. या तिसऱ्या प्रकाराला डॉक्टर विड्रॉअल म्हणतात. तो त्रासदायक असतो, पण जीव घेत नाही. पहिल्यात आजारावरचा उपचार बदलावा लागतो, दुसऱ्यात कॉर्टिसॉलची भरपाई करावी लागते, तिसऱ्यात उतरण्याचा वेग कमी करून धीर धरावा लागतो. गोळी पुन्हा सुरू केली की तिन्ही प्रकारांत दोन दिवसांत बरे वाटते. म्हणून ‘गोळी घेतली की बरे वाटते’ यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खान्देशात या गोंधळात आणखी भर घालतो तो उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बाजारातून आलेला माणूस ओकतो, गळून जातो, हातपाय गार पडतात. सगळे म्हणतात, ऊन लागले. कैरीचे पन्हे, कांदा, मग सलाईन. बहुतेकांना खरोखरच ऊन लागलेले असते. पण त्यातला एखादा महिन्याभरापूर्वी स्टेरॉईड सोडलेला असेल, तर सलाईनने थोडी हुशारी येते आणि तो पुन्हा ढासळतो. शिवाय अ‍ॅडिसन यांनी वर्णिलेली ठळक खूण, काळवंडलेली कातडी आणि हिरड्या, इथे दिसत नाही. कातडी काळी पडते ती एसीटीएच बेसुमार वाढल्याने, आणि इथे तर मुकादमच झोपलेला. शरीरातले मीठ सांभाळणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही याच ग्रंथीतले, पण त्याची मुख्य दोरी मूत्रपिंडाच्या हाती असल्याने ते बव्हंशी शाबूत राहते. त्यामुळे रक्ततपासणीत पोटॅशियमही सहसा वाढलेले सापडत नाही. पुस्तकातला आजार नजरेसमोर असतो आणि पुस्तकातल्या खुणा गैरहजर. मग ओळखायला एकच साधन उरते, विचारणे.

(वाङ्मयीन वाचकांसाठी थोडे विषयांतर. जेन ऑस्टिन अ‍ॅडिसनच्या आजाराने गेली असावी, असा तर्क झॅकरी कोप या शल्यविशारदाने १९६४ मध्ये तिच्या पत्रांतल्या लक्षणांवरून मांडला. नंतर इतरांनी वेगळी निदाने सुचवली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मात्र हा आजार नक्की होता आणि ते कॉर्टिसोनवर जगत होते. १९५४ मध्ये त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, तिची नोंद वैद्यकीय नियतकालिकात नाव न छापता आली.)

सावकाश उतरण्याला मराठीत ‘उतरती भाजणी’ हा नेमका शब्द आहे. ही भाजणी आपल्या भागात दशकानुदशके सरकारी आरोग्य केंद्रांतून दिली जाते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. कुष्ठरोगात जंतू मरत असतानाही शरीराची प्रतिक्रिया उसळते, नसा सुजतात, हातापायांची ताकद जाऊ लागते. त्यावर राष्ट्रीय कार्यक्रमात प्रेडनिसोलोनचा बारा आठवड्यांचा क्रम ठरलेला आहे: ४० मिलिग्रॅम, मग ३०, २०, १५, १० आणि ५, प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पाड्यांवर कित्येक हात या क्रमाने वाचले असतील. पण ही शिडी नसांच्या दाहाच्या हिशेबाने बांधलेली आहे, ग्रंथीच्या नव्हे. शेवटची गोळी संपते तेव्हा नस सुधारलेली असते, ग्रंथी कदाचित नसते. ज्यांची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा उलटते आणि जे वर्षानुवर्षे ही शिडी चढतात-उतरतात, त्यांच्या बाबतीत ही शक्यता आणखी वाढते.

२०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून या विषयावर मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा साध्या भाषेत असा. तीन-चार आठवड्यांच्या आत स्टेरॉईड थांबत असेल तर भाजणीची सहसा गरज नाही, कारण तेवढ्यात ग्रंथी गाढ झोपत नाही. त्याहून जास्त काळ घेतले असेल तर दोन टप्पे. वरून प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या आसपास येईपर्यंतचा वेग मूळ आजार ठरवतो. तिथून खालचा वेग ग्रंथी ठरवते, आणि तिला घाई चालत नाही. इथे एकतर महिन्या-महिन्याने कणाकणाने उतरायचे, नाहीतर सकाळचे कॉर्टिसॉल तपासायचे. ते १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी उठली असे समजून गोळी थांबवता येते. ५ च्या खाली असेल तर तीच मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. मधल्या आकड्यांत वाट पाहायची.

ही तपासणी जळगाव-धुळ्यात सहज होते, फक्त वेळेचा घोळ होतो. रक्त सकाळी आठ-नऊच्या दरम्यान द्यायचे आणि आदल्या दिवशीच्या गोळीनंतर चोवीस तास जायला हवेत, म्हणजे त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. शिरपूरहून किंवा रावेरहून पहिल्या एसटीने निघालेला माणूस रांगेतून साडेअकराला सुईपर्यंत पोचतो, तोवर कॉर्टिसॉल आपसूकच उतरलेले असते आणि आकडा विनाकारण कमी येतो. उलट कुणी सकाळी प्रेडनिसोलोन घेऊन आला तर काही यंत्रे त्या गोळीलाच कॉर्टिसॉल समजतात आणि आकडा वाढवून दाखवतात. संशय उरला तर एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी हाकेला ओ देते का ते पाहतात. त्यासाठीचे परदेशी इंजेक्शन इथे दुर्मीळ आणि महाग, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम या स्वस्त इंजेक्शनवर तीच तपासणी बसवली. मोठ्या संशोधनांत याचा फारसा बोलबाला नाही, पण मला हे काम मोलाचे वाटते.

कणाकणाने उतरणेही बोलण्याइतके सोपे नसते. १ मिलिग्रॅमची गोळी शोधून सापडत नाही, ५ ची सगळीकडे. मी एका आजींना अडकित्त्याने गोळीचे चार तुकडे करताना पाहिले आहे, आणि तुकडे सुपारीपेक्षा सारखे होते. मात्र काही गोळ्यांवर पोटात उशिरा विरघळणारे वेष्टन असते, त्या तोडायच्या नसतात. औषध दुकानात एवढे विचारून घ्यावे. क्षयावरची रिफाम्पिसिन ही गोळी स्टेरॉईड यकृतातून भराभर निकालात काढते, त्यामुळे ५ ची गोळी शरीराला निम्म्यासारखी पोचते. गजकर्णावर हल्ली सर्रास दिली जाणारी इट्राकोनाझोल नेमके उलट करते, दम्याच्या पंपातले स्टेरॉईडही अंगात साचवते. म्हणून नवे औषध लिहिणाऱ्या प्रत्येकाला जुने सांगायलाच हवे.

भाजणी चालू असताना आणि गोळी पूर्ण थांबल्यावरही साधारण वर्षभर, अंगात ताप भरला तर डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा तेवढ्यापुरती वाढवायची असते, ताप गेला की पुन्हा पूर्वीची. उलट्या किंवा जुलाब लागले तर गोळी पोटात टिकतच नाही, तिथे थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. अशा वेळी लागते ते हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाईन. हे इंजेक्शन जुने, स्वस्त आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीतले आहे, दम्याच्या झटक्यासाठी बहुतेक दवाखान्यांत ठेवलेले असते. म्हणजे औषध हाताशी असते, ते द्यायला हवे हे सांगणारे कुणी नसते. इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना स्टेरॉईडचे लाल आपत्कालीन कार्ड देतात. आपण ते डॉक्टरांकडून साध्या कागदावर, सही-शिक्क्यासह लिहून घेऊ शकतो: ‘हा रुग्ण अमुक महिन्यांपासून स्टेरॉईड घेत आहे (किंवा अमुक तारखेला थांबवले). उलट्या, ग्लानी, अपघात किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम त्वरित द्यावे.’ पुडी घेतलेल्यांनी पुडीचाही उल्लेख करून घ्यावा, लाजू नये. कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये किंवा आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवावा, आणि तो तिथे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे, कारण गरज पडेल तेव्हा रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसेल.